आसेगावचा रोहू

माणसाला एकटे बसायचे असेल तर सबळ कारण लागते. मी नुसता गॅलरीत बसलो की दहा मिनिटांत आतून विचारणा होते, "बरं नाही का वाटत?" पंधराव्या मिनिटाला थर्मामीटर येतो. पुस्तक घेऊन बसावे, तर माणूस मोकळा आहे असे समजून दळणाचा डबा हाती येतो. परंतु पाण्याकाठी गळ धरून बसलेल्या इसमाला कोणी काही विचारीत नाही. तो कामात आहे असा सर्वांचा समज असतो. हा शोध मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी लागला, आणि त्याचे श्रेय माझ्या पुतण्याला आहे.

पुतण्या नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये लिआँ शहरी असतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात आला तो एक साहेबी काठी आणि चरखी घेऊनच. म्हणाला, "काका, ही तुम्हाला. तिकडे लोक आठवडा आठवडा तळ्याकाठी एकटे राहतात." मग त्याने जे सांगितले ते ऐकून घरातली मंडळी अवाक् झाली. तिकडे खाजगी तळी आठवड्याच्या भाड्याने मिळतात. माणूस तंबू ठोकतो, पिठात अंडी मिसळून उकडलेल्या गोळ्या गळाशी लावतो आणि झोपतो. मासा लागला की काठीखालची विजेची पिपाणी वाजते. मासा कार्प जातीचा. वीस-वीस किलोंचाही असतो. त्याला मऊ गादीवर निजवायचे, वजन करायचे, ओठाला जखम असली तर औषध लावायचे, छायाचित्र काढायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे!

"सोडायचे?" आमच्या घरातून प्रश्न आला. "म्हणजे साडीच्या दुकानात सगळे ताके उलगडायला लावायचे आणि काही न घेता परत यायचे, तसंच ना?"

तसेच. हा खेळ मी गेली पस्तीस वर्षे दुकानाच्या पायरीवर उभा राहून पाहिला आहे. मात्र आम्ही पिढीजात शाकाहारी, तेव्हा सोडून देण्याची ही अट मला फार सोयीची वाटली.

या कार्पाचे घराणे मोठे आहे. डॅन्यूब नदीचा हा मासा मध्ययुगात युरोपभर पसरला तो बराचसा मठांच्या तळ्यांतून. ख्रिस्ती उपवासाला मांस वर्ज्य, पण मासा चालतो. आपण साबुदाणा भिजत घालतो, ते मठवाले तळे राखीत. आपल्याकडचे रोहू, कटला आणि मृगळ हे याच कुळातले. एकाच तळ्यात ते तीन मजली चाळीतल्यासारखे राहतात. कटला वरच्या मजल्यावर. त्याचे तोंडच वर वळलेले. रोहू मधल्या मजल्यावर, आणि मृगळ तळमजल्यावर, चिखल चाळीत. चाळीपेक्षा एवढाच फरक, की पाण्यावरून भांडणे नाहीत.

आणि गळ टाकून करमणूक करणे हे साहेबाचे खूळ आहे असेही कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. राजाने कोणकोणते विनोद करावेत ते त्यात सांगितले आहे, आणि त्यात मत्स्यविनोदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाणे, दोरी, गळ, सगळे त्यात आहे. हे मी घरी मोठ्याने सांगितले. "तो राजा होता," एवढेच उत्तर मिळाले.

भाऊबीजेला मी धाकट्या बहिणीकडे आसेगावला गेलो, तेव्हा ओवाळणीबरोबर ती काठीही नेली. हे आसेगाव वाशीम जिल्ह्यातले, मंगरूळपीर तालुक्यातले. रिसोडकडचे आसेगाव पेन ते निराळे. तिथे उतरलात तर बहीण भेटणार नाही. मेहुण्यांचे शेत गावाबाहेर आहे आणि शेताच्या पलीकडे एक पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर महाराष्ट्रभर असे कितीतरी तलाव खणले गेले, तसलाच. मासे मच्छीमारांच्या सोसायटीचे. मेहुण्यांनी आदल्या दिवशी सोसायटीच्या लोकांना विचारून ठेवले होते. बहिणीने मात्र एकच बजावले, "दादा, मासा घरी आणायचा नाही. अंगणातसुद्धा नाही."

पहाटे निघालो. सोयाबीन निघून गेलेले, तुरीला पिवळा फुलोरा आणि पाण्यावर पातळ धुके. बाभळीखाली बैठक मांडली, कणकेची गोळी लावली आणि गळ टाकला. पुतण्याने दिलेली पिपाणी मी मुद्दाम घरी ठेवली होती. त्याऐवजी मोरपिसाचा देठ दोऱ्याला बांधला होता. तो पाण्यावर उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहत बसलो.

कार्प कुळातल्या माशांचे कान फार तिखट. त्यांच्या पोटातला हवेचा फुगा आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे काठावरचे पाऊलसुद्धा त्यांना कळते. म्हणून खोकायचे नाही, पाय आपटायचा नाही. फोन बंद. पहिला तास मी मनातल्या मनात वर्तमानपत्र वाचले. दुसऱ्या तासात घराचे हप्ते, मुलाची बदली, गुडघा, असे सर्व विषय येऊन गेले. तिसऱ्या तासात काहीच आले नाही. इतकी वर्षे मनाच्या दारावर कोणी ना कोणी उभे असायचेच. ते दार असे ओसाड पाहून मला क्षणभर भीतीच वाटली. मग तीही गेली. खंड्याने समोर दोनदा बुडी मारली आणि दोन्ही वेळा त्याला मासा मिळाला. दुपारी माझ्या ध्यानात आले, की मी त्या खंड्याशी हळू आवाजात बोलतो आहे. एकांत चांगला, पण तो मुरायला वेळ लागतो.

मागून कोणीतरी म्हणाले, "पाव्हणे, निरी कणीक नाही खात थे. थोडीशी ढेप टाका."

सोसायटीचे राखणदार होते. सत्तरीचे भोईबाबा, खांद्यावर उपरणे. त्यांनी शेंगदाण्याच्या ढेपेचा तुकडा कणकेत मळून दिला आणि बोलता बोलता तलावाचा सारा हिशेबही दिला. दर पावसाळ्यात सोसायटी बोटाएवढी पिल्ले, म्हणजे बोटुकली, विकत आणून सोडते, कारण रोहू-कटला साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराची वाहती नदी लागते. पूर्वी हे बीज बंगालच्या नद्यांतून गोळा करून आगगाडीने देशभर पाठवीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच मेंदूतळाच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची अंडी तळ्यात मिळवली, तेव्हापासून बीज इथल्या इथे होऊ लागले. हे शेवटचे अर्थात मी बाबांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बीज भेटते जी. पानी नाही भेटत." चैत्रात तलावाचे डबके होते. त्याआधी जाळे फिरवून जे निघेल ते साऱ्या घरांचे वर्षाचे.

ते आपल्या झोपडीकडे गेले, आणि चारच्या सुमारास मोरपीस बुडाले. धक्का नाही, झटका नाही. कोणी अदबीने दार लोटावे तसे ते खाली गेले. काठी ओढली मात्र, चरखी ओरडू लागली. मासा सरळ तलावाच्या मध्याकडे निघाला, मग उजवीकडे, बाभळीच्या बुंध्यांकडे. मी दोरा सोडीत होतो, गुंडाळीत होतो, आणि तोंडाने काय म्हणत होतो ते छापण्याजोगे नाही. पाऊण तास वाटला. बाबा म्हणाले दहा मिनिटे. लांब दांड्याच्या जाळीत त्यांनीच त्याला घेतले. रोहू होता. पाठ तांबूस काळी, प्रत्येक खवल्यावर लालसर चंद्रकोर, ओठ झालर लावल्यासारखे. जबड्यात दात नाहीत. ते असतात घशात. काट्यावर तीन किलो आठशे ग्रॅम भरला.

आता काय? जाळी पाण्यातच धरून आम्ही दोघे उकिडवे बसलो. मी गळ काढला आणि म्हणालो, "बाबा, याला सोडून देऊ."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "सोडाचीच आहे तं धरली कायले?"

लिआँचे उत्तर तिथे देता येईना. भाड्याच्या तळ्यातला मासा सोडणे म्हणजे आपल्या हौशीवर आपणच ठेवलेला लगाम. इथे दुसऱ्याच्या कोठारातले धान्य उचलायचे, न्याहाळायचे आणि परत टाकून दयाळू व्हायचे! घरी नेता येत नव्हता. त्यांना द्यावा, तर तो त्यांचाच होता. शेवटी पाकीट काढून म्हणालो, "याचे जे काय होतील ते सोसायटीत जमा करा. मी विकत घेतला आणि सोडला, असं समजा."

बाबा हसले. खरेच हसले, अगदी उपरण्याने डोळे पुसण्याइतके. "पैसे ठेवा जी खिशात. याच तलावात सोडता ना? मंग जाते कुठी थे? होळीलोक अजून पावशेर वाढन."

म्हणजे माझी भूतदया त्यांच्या लेखी मुदतठेव होती. मी जाळी खाली केली. रोहू क्षणभर माझ्या तळहातांमध्ये उभा राहिला, कल्ले उघडमीट करीत. मग शेपटीच्या एका फटक्याने माझा चष्मा भिजवून गेला.

शिमग्यात ताईचा फोन आला. तलावात जाळे फिरले, मेहुणे पाहायला गेले होते. यंदा पाणी बरे टिकल्यामुळे मासे भरदार निघाले, चार किलोंच्या आसपासचे रोहूच अकरा. सकाळीच टेम्पो भरून बाजाराला गेला. "बाबांनी तुला मुद्दाम सांगायला सांगितलंय," ताई म्हणाली, "पाव्हण्यांची मासोई सापडली म्हणून. अकरातली नेमकी कोणती ते त्यांनी कसं ओळखलं, देव जाणे." ओठावरच्या गळाच्या खुणेने ओळखली असणार. मी तिला ते सांगितले नाही. येत्या भाऊबीजेला शेंगदाण्याची ढेप मंगरूळपीरला मिळेल की वाशीमहूनच घेऊन यावी लागेल, तेवढे विचारून घेतले.