अर्जाचें बंड केव्हां होतें?

राज्यें एकाएकीं कोसळतात, असा पुष्कळांचा समज असतो. इतिहासाच्या पुस्तकांत एक तारीख छापलेली असते. तिच्या आदल्या दिवशीं राजा सिंहासनावर असतो व दुसऱ्या दिवशीं नसतो. त्यामुळें विद्यार्थ्यांस वाटतें कीं, सारें त्या एका दिवसांतच घडलें. आमचें मत निराळें आहे. बंडाचें मूळ बहुधा नाकारलेल्या अर्जांत असतें, आणि रशियाच्या इतिहासाइतकें याचें स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल.

झार दुसरा निकोलस १८९४ सालीं गादीवर आला. राज्यकारभारांत प्रजेच्या प्रतिनिधींस कांहीं भाग मिळावा, ही इच्छा त्यानें पुढल्याच वर्षीं पोकळ स्वप्न म्हणून झिडकारली. पुढें जपानशीं युद्ध जुंपलें, पराभव होऊं लागले, आणि राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथील पुतिलोव्ह कारखान्यांतून कांहीं कामगारांस काढून टाकल्यामुळें मोठा संप झाला. २२ जानेवारी १९०५ रोजीं, रविवारीं, फादर गॅपोन या धर्मगुरूच्या पुढारीपणाखालीं हजारों कामगार बायकामुलांसह झारच्या वाड्याकडे निघाले. त्यांच्या हातांत पवित्र चित्रें होतीं, झारच्या तसबिरी होत्या आणि एक अर्ज होता. आठ तासांचा दिवस, योग्य मजुरी व लोकनियुक्त सभा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. झार हा आपला पिता आहे, अधिकारी आपलें दुःख त्याच्या कानीं जाऊं देत नाहींत, अशी त्यांची भाबडी श्रद्धा होती. झार त्या दिवशीं वाड्यांत नव्हताच. सैन्यानें गोळ्या झाडल्या. त्या बर्फांत माणसें मेलीं, आणि त्यांच्याबरोबर ती श्रद्धाही मेली.

त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत देशव्यापी संपानें आगगाड्या थांबल्या, तेव्हां झारनें नागरिकांचे हक्क व ड्यूमा नांवाची लोकसभा देण्याचें वचन दिलें. विनंतीला जें नाकारलें, तें भीतीला दिलें! पण भीतीनें दिलेलें दान भीती ओसरतांच परत घेतलें जातें. १९०६ सालची पहिली ड्यूमा अडीच महिन्यांच्या आंत बरखास्त झाली.

कोणी म्हणतील, भुकेनें बंड झालें. पण १८९१ सालींही तेथें भयंकर दुष्काळ पडला होता. सिंहासन हाललें नाहीं. कोणी म्हणतील, चिथावणी देणाऱ्यांनीं केलें. पण १८८१ सालीं क्रांतिकारकांनीं झार दुसरा अलेक्झांडर याचा वध केला, तरी प्रजा उठली नाहीं. १९१७ च्या मार्च महिन्यांत मात्र महायुद्धानें गांजलेल्या राजधानींत स्त्रिया भाकरीसाठीं रस्त्यावर आल्या. प्रथम कांहीं पलटणींनीं लोकांवर गोळ्या झाडल्या; दुसऱ्याच दिवशीं हजारों शिपाई लोकांस मिळाले. १५ मार्च रोजीं झारनें राज्यत्याग केला. भूक व चिथावणी हीं जळण खरीं. परंतु राजा आपलें ऐकेल ही आशा विझल्यावांचून तें जळण पेटत नाहीं.

म्हणून आम्ही बंडाची स्तुति करतों, असें कोणीं समजूं नये. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत बोल्शेव्हिक पक्षानें बळानें सत्ता घेतली, आणि लोकांनीं निवडलेली घटनासमिति जानेवारी १९१८ मध्यें एकाच बैठकीनंतर मोडली. राजा गेला, पण न ऐकण्याची राजरीत गेली नाहीं.

जुन्या करारांतील रहबाम राजाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. ओझें हलकें करा, एवढेंच प्रजा मागत होती. वृद्धांचा सल्ला झुगारून त्यानें कठोर उत्तर दिलें, आणि दहा वंश त्याला सोडून गेले.

घर व शाळा हींही लहान राज्येंच होत. पालकहो, आपल्या मुलाची तक्रार ती विनंतीच्या रूपांत असतांनाच ऐकावी. मान्य करतां न आल्यास कारण सांगावें. आणि विद्यार्थ्यांनो, आपलें गाऱ्हाणें सत्य व सौम्य शब्दांत मांडण्यास शिका. उद्यां अधिकार तुमच्या हातीं येईल, तेव्हां दाराशीं अर्ज घेऊन कोण उभें आहे, हें आधीं पाहा.