बाराचा वर्ग काढ!

माझी धाकटी बहीण झाशीला दिली आहे. सासर मूळचं मराठीच. मराठ्यांच्या राज्यात जी घराणी बुंदेलखंडात गेली आणि तिथंच रुजली, त्यांतलं एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि मुलांची शाळाही हिंदी माध्यमाची.

गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेले होते. भाची आठवीत. सहामाहीत गणितात पन्नासपैकी अकरा मार्क! उत्तरपत्रिका गादीखाली लपवलेली सापडली. बहीण म्हणाली, "काय करू गं ताई? आमच्या घरात कुणालाच गणित येत नाही. हिचंही तेच व्हायचं!" भाची शेजारीच होती. ती काही बोलली नाही, नुसती वहीचे कोपरे दुमडत राहिली.

संध्याकाळी मायलेकी अभ्यासाला बसल्या. बहीण म्हणाली, "बाराचा वर्ग काढ." पोरीनं पट्टी घेतली आणि बारा सेंटिमीटर बाजूचा चौकोन काढला. बहिणीनं कपाळावर हात मारला. "अगं, वर्ग सांगितला, चौरस नाही!"

"वर्गच तर काढलाय!" पोर रडकुंडीला आली.

आणि तिचं चुकलं नव्हतं. आपण ज्या आकृतीला चौरस म्हणतो, तिला हिंदीत वर्गच म्हणतात. आपला काटकोन त्यांचा समकोण, आपला विशालकोन त्यांचा अधिक कोण, आपला परीघ त्यांची परिधि. आई शिकवायची मराठीतून, पुस्तक हिंदीतून. पोरीची निम्मी शक्ती शब्द जुळवण्यातच जायची, आणि घरात शिक्का बसला होता, 'हिला गणित जमत नाही.'

मी तोच चौकोन पुढे ओढला. म्हटलं, "यात एकेक सेंटिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मार. आता घरं मोज." बारा ओळी, ओळीत बारा घरं, एकूण १४४. तिनं वर पाहिलं. "म्हणजे आईचा वर्ग आणि माझा वर्ग एकच?"

एकच! भूमितीत तो काढायचा, बीजगणितात मोजायचा.

मग मी तिला भास्कराचार्यांचं गणित घातलं. इ. स. १११४ साली जन्मलेल्या या गणितज्ञाच्या 'लीलावती'त ते आहे. बत्तीस हात उंच बांबू वाऱ्यानं मोडला. त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर बांबू किती उंचीवर मोडला?

"आधी चित्र काढ," मी म्हटलं. चित्र काढताच तिला दिसलं, की उभा बुंधा, जमीन आणि तिरका तुकडा मिळून समकोण त्रिभुज होतो. तिरका तुकडा हा कर्ण. कर्ण मात्र दोन्ही भाषांत कर्णच!

"आता उंची ठाऊक नाही ना? मग समजा, ती क्ष."

"माना कि!" ती हसली. हिंदी पुस्तकात तसं म्हणतात.

बुंधा क्ष, तर तिरका तुकडा ३२ वजा क्ष. पायथागोरसच्या नियमानं क्षचा वर्ग अधिक १६ चा वर्ग बरोबर (३२ - क्ष) चा वर्ग. कंस सोडवला, तर उजवीकडे आलं १०२४ वजा ६४ क्ष अधिक क्षचा वर्ग. दोन्हीकडचे क्षचे वर्ग गेले. १६ चा वर्ग २५६, तो १०२४ मधून वजा केला. उरलं ६४ क्ष = ७६८. म्हणून क्ष = १२.

"ताळा कर," मी म्हटलं. बुंधा १२, तुकडा २०, बेरीज ३२. बाराचा वर्ग १४४, सोळाचा २५६, बेरीज ४००, म्हणजे बरोबर विसाचा वर्ग. १४४ लिहिताना तिनं मघाचा चौकोन पुन्हा एकदा पाहून घेतला. मग उठली, उत्तरपत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, यातलं तिसरं करून बघू?"

आईबापांनो, गणित तुम्हाला यायलाच हवं असं नाही. मुलाच्या पुस्तकातले शब्द तेवढे आधी वाचा. मग त्याला चित्र काढू द्या, 'समजा' म्हणू द्या आणि शेवटी ताळा करू द्या. उत्तर चुकलं तरी 'हे कसं काढलंस?' एवढं जरूर विचारा. कधीकधी चूक त्याची नसते, आपल्या प्रश्नाची असते.

आता 'लीलावती'तलंच एक गणित तुम्हा घरच्या सगळ्यांसाठी. तळ्यातलं कमळ पाण्यावर अर्धा हात वर आहे. वाऱ्यानं ते कललं आणि मूळ जागेपासून दोन हातांवर बुडालं. तर पाणी किती खोल? उत्तर सांगूनच टाकते, पावणेचार हात. ते कसं आलं, हे मात्र मुलांना तुम्हाला समजावून सांगू द्या!