परभाषा आणि चुकण्याची मुभा

आषाढी-कार्तिकीला विजयपूर, कलबुर्गी, बेळगाव या भागांतून कन्नड भाविकांचे जथे पंढरपुरात येतात. तुळशीच्या माळा, बुक्का आणि टाळ विकणारा येथील दुकानदार त्यांच्याशी कन्नडमध्ये भाव ठरवितो. त्याने कन्नडचे व्याकरण क्वचितच उघडलेले असते. लिपीही अनेकदा अनोळखीच असते. उलट, राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तरी दहा वर्षे ते शिकून, पुढे पदवी घेतलेला कित्येक मराठी तरुण नोकरीच्या मुलाखतीत दोन वाक्यांतच अडखळतो आणि हाताशी आलेली संधी गमावतो.

हा फरक बुद्धीचा नव्हे, व्यवहाराचा आहे. दुकानदाराला भाषेचा परतावा हातोहात मिळतो. शब्द चुकला तर गिऱ्हाईक हसते, योग्य शब्द सांगते आणि माळ घेऊन जाते. वर्गात मात्र चुकले की गुण कापले जातात, सोबती हसतात. गप्प बसणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. जेथे चुकीला दंड आणि मौनाला अभय असते, तेथे शहाणा माणूस मौनच पत्करणार.

अर्थात बाजारातील भाषा बाजारापुरतीच असते. पत्र लिहावयाचे, ग्रंथ वाचावयाचा, तर व्यासंगाला पर्याय नाही. इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर स्टीफन्स तेव्हा तिशीच्या आसपास होते. त्यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते १६१६ मध्ये. मध्ये सदतीस वर्षे गेली. विठोबाच्या संप्रदायावर १९६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या गी दलरी या फ्रेंच अभ्यासकाने त्याआधी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले होते. ‘आता वय उलटले’ ही सबब या उदाहरणांपुढे टिकत नाही. ‘तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी’ ही जाहिरातही टिकत नाही.

तात्पर्य, परभाषेला दोन्ही हवे: बाजाराचा निर्भयपणा आणि अभ्यासकाची चिकाटी. रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे. सुटे शब्द पाठ करण्याऐवजी पूर्ण वाक्ये आत्मसात करावीत. ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगावे व लिहावे. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक फळतो. अल्पबचतीचा हिशेब येथेही लागू पडतो.

शाळा-महाविद्यालयांनी यासाठी मोठा खर्च करण्याचे कारण नाही. आठवड्यातील काही तास केवळ संभाषणासाठी राखावेत. त्या तासाला शिक्षकांनी चुका टिपून घ्याव्यात, शेवटी समजावून सांगाव्यात. गुण मात्र कापू नयेत. ज्या गावाचा बाजार अशा चुकांतून परभाषा शिकला, त्या गावाच्या वर्गांना एवढी मुभा देणे जड जाऊ नये.