कोळ्यांचे गाव चेझेनातिको

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्राकाठी चेझेनातिको हे छोटे गाव आहे. उन्हाळ्यात तेथे पर्यटकांची गर्दी उसळते. पण वाचकहो, हे गाव मुळात श्रीमंतांच्या मौजेसाठी वसलेले नाही.

१३०२ साली जवळच्या चेझेना शहराने येथे बंदर वसवले. १५०२ मध्ये लिओनार्दो दा विंचीने बंदराच्या कालव्याचा आराखडा काढला. ऑगस्ट १८४९ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याला चुकवत गॅरिबाल्डी येथूनच कोळ्यांच्या १३ नावांतून व्हेनिसकडे निघाला. बहुतेक नावा शत्रूने पकडल्या. त्याची गरोदर, आजारी पत्नी अनिता दोनच दिवसांनी वारली.

आज त्याच कालव्यात जुन्या नावांचे तरंगते संग्रहालय आहे. शिडांवर प्रत्येक घराण्याची वेगळी खूण असे. नाव कोणाची, हे लांबूनच कळे. जवळच विटांनी बांधलेले खोल खड्डे आहेत. त्यांत बर्फ भरून कोळी मासळी टिकवत.

१९३८ मध्ये एजिप या तेल कंपनीने कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी येथे समुद्रकाठी मोठी वास्तू बांधली. गरीब मुलांना हवापालटासाठी समुद्रावर नेण्याची इटलीतील प्रथा त्याहून जुनी, एकोणिसाव्या शतकातली. मुसोलिनीच्या काळात अशा ठिकाणी मुलांना कवायतीबरोबर हुकूमशाहीचे धडेही दिले जात. ते धडे टाकून द्यावेत. पण राबणाऱ्याच्या लेकरालाही चार दिवस समुद्राची हवा मिळावी, हा हक्क मात्र सोडू नये. विश्रांती ही काही धनिकांची मिरासदारी नव्हे!