ऑस्टिनचं गावकूस

अमेरिकेतलं ऑस्टिन. 1928 च्या शहर आराखड्यानं काळ्यांना पूर्वेचा तुकडा नेमून दिला. हुकूम नाही काढला. काळ्यांच्या शाळा, बागा फक्त तिकडंच ठेवल्या. पोरं शिकवायचीत? मग जा पूर्वेला! गावकुसाला दगडच लागतात असं कुठाय?

पुढं मधून हायवे घातला. मग तीच जमीन सोन्याची झाली, घरपट्टी चढली. 2000 ते 2010 मध्ये शहर वीस टक्क्यांनी फुगलं, काळे मात्र घटले. याला म्हणे विकास!

आधी सगळे नगरसेवक अख्ख्या शहरातून निवडायचे. 2012 च्या मतदानानं दहा वॉर्ड आले. मी म्हणतो, वॉर्ड हवेच. पण 2014 ला पहिली निवडणूक झाली, तोवर पूर्वेकडच्या कितीजणांनी बिऱ्हाड हलवलं होतं.