साधी सर्दी, म्हणून मी गेलो

2025 च्या जानेवारीत एचएमपीव्हीचा केवढा गाजावाजा झाला, आठवतंय? चॅनेलवाल्यांनी ‘नवा विषाणू’ म्हणून घाबरवलं. खरं तर तो 2001 सालीच सापडलेला. मीही बातमी लावली होती, खोटं कशाला बोलू. पंधरा दिवसांत विषय संपला. बातमीचा संपला, बाळांचा नाही.

त्याचाच भाऊबंद म्हणजे आरएसव्ही. आपल्याला नुसतं नाक गळतं, पण तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात, चिकट स्रावाने भरतात आणि जीव श्वासासाठी धडपडतो.

या पावसाळ्यात माझ्या भाचीच्या बाळाचं बारसं होतं. मला दोन दिवस सर्दी होती. साधी सर्दी, म्हणून गेलो. बाळ उचललं, मुका घेतला. पाचव्या दिवशी बाळ दूध ओढेना, छाती आत खेचली जायला लागली. सहा दिवस ऑक्सिजनवर होतं. आता ठणठणीत आहे.

सर्दी माझीच लागली का? सांगता येत नाही, त्या दिवशी घरात सत्तर माणसं होती. पण मी भाचीला विचारलं, ‘तू अडवलं का नाहीस?’ ती म्हणाली, ‘मामा, तुम्हाला कसं सांगणार?’

सगळं इथंच अडतं. नाही म्हणायची जबाबदारी आपण ओल्या बाळंतिणीवर टाकतो. ती बोलली तर ‘शिकलेली लई शहाणी झाली’. माझं म्हणणं एवढंच आहे की थांबायचं थोरांनी. सर्दी-खोकला असेल तर बारशाला जाऊ नका, आहेर फोनवरून पाठवा. गेलात तर हात साबणाने धुवा, मुका घेऊ नका.

काही जण म्हणतील, पूर्वी कुठं होतं हे? होतं की! बाहेरून आलेल्याने हातपाय धुतल्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, हा आजीचाच नियम. तो आपण मोडला आणि बाळाला धुरी द्यायची तेवढी ठेवली. उलटं करा. नियम परत आणा, धुरी बंद करा. त्या कोवळ्या छातीला धूर सोसत नाही, मग तो चुलीचा असो की विडीचा.

आरएसव्हीची लस अजून आपल्या सरकारी लसीकरणात नाही. पण न्यूमोनियाच्या एका मोठ्या जंतूवरची पीसीव्ही लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात फुकट मिळते. ती चुकवू नका. सहा महिने फक्त आईचं दूध.

आणि बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त असेल, छाती आत जात असेल, दूध सोडलं असेल, तर मेडिकलमधून बाटली आणत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात ते हेच सांगायला. त्यांना चहा देऊन वाटेला लावू नका, ऐका.

पुढचं बारसं कुणाकडे आहे? त्या घरातल्या मामा-काकांना ही पोस्ट पाठवा. बाळंतिणीला नको, तिला हे सगळं माहीत आहे.