फॉरमॅट मारण्याआधी डेटाचं काय?

लॅपटॉप सुरू होईना, निळा पडदा दिसू लागला, की दुकानातून ठरलेलं उत्तर येतं : ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल.’ आपण मान डोलावतो. संध्याकाळी मशीन नव्यासारखं परत मिळतं. पण बारशाचे फोटो आणि दुकानाचा हिशेब गेलेला असतो.

मुळात विंडोज बिघडणं आणि ड्राइव्ह बिघडणं हे दोन वेगळे आजार. ड्राइव्ह धड असेल तर विंडोज पुन्हा टाकलं की काम भागतं. ड्राइव्हच शेवटच्या घटका मोजत असेल, तर नवं विंडोजही थोड्याच दिवसांत कोलमडतं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर ड्राइव्हची तब्येत काही मिनिटांत दाखवतं. ते तपासल्याशिवाय फॉरमॅटला हो म्हणू नये. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद करावं.

‘चेक डिस्क’ हा नेहमीचा उपाय फाइलींची मांडणी दुरुस्त करतो, झिजलेला ड्राइव्ह नव्हे. खराब सेक्टर शोधताना तो संपूर्ण डिस्क वाचतो. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर हा ताण जीवघेणा ठरू शकतो. म्हणून आधी फाइली बाहेर काढायच्या : ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून. ड्राइव्हवर बिटलॉकरचं कुलूप असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड अनेकांना आठवत नाही!

‘फॉरमॅट झाला तरी डेटा परत काढता येतो’ हा समज जुन्या हार्ड डिस्कच्या काळातला. तिथे क्विक फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर बराच काळ मागे राहतो. एसएसडीत तसं नाही. ट्रिम या सोयीमुळे जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळतं, तो आतला मजकूर साफ करून टाकतो. मग पैसे मोजूनही फारसं हाती लागत नाही.

फाइली सुरक्षित झाल्या, की उरलेलं काम सोपं. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवता येतं. मशीनवर आधी अस्सल विंडोज चालत असेल आणि मदरबोर्ड तोच असेल, तर बहुतेक वेळा इंटरनेट जोडताच ते आपोआप अॅक्टिव्हेट होतं. तेव्हा ‘लायसन्सचे वेगळे पैसे’ कशाचे, हे विचारावं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही ध्यानात असू द्या; आणि टीपीएम २.० नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही.

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. चारशे-पाचशे रुपयांत तासाभरात मशीन हवं, हा आग्रह आपलाच. निदान पावतीवर ‘डेटा हवा’ एवढं लिहून घ्या आणि ड्राइव्ह बदलला तर जुना मागून घ्या. तो खराब असला, तरी त्यात तुमचे फोटो आणि आधारच्या प्रती असतात.